चांदीवरचा चेहरा आणि आईचं नाव

स्मरणिका समितीचा निरोप आला, "मॅडम, यंदा रौप्यमहोत्सव आहे, तुम्ही नाण्यांवर काहीतरी लिहा." सोसायटीत बहुतेकांना माहीत आहे की मी आयुष्यभर बँकेत कॅशवर बसलेली बाई. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, मी संग्रहालयांतल्या नाण्यांच्या काचा पुसत फिरते. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. विषयही समितीनेच सुचवल्यासारखा झाला. रौप्य म्हणजे चांदीचं. आणि जुन्या संस्कृतात 'रूप्य' म्हणजे नुसती चांदी नव्हे, तर रूप उमटवलेली, ठसा मारलेली चांदी. आपला रुपया तिथूनच आला. मग मनात आलं, या चांदीवर रूप कुणाचं उमटायचं? राजाचं, हे तर झालंच. पण बायकांचं काय?

आधी दोन शब्दांची गंमत सांगते. प्राचीन रोमची टाकसाळ जुनो मोनेटा या देवीच्या देवळालगत होती. त्या मोनेटावरून इंग्रजीतला 'मनी' शब्द आला. आणि आपला 'नाणं' हा शब्द? तो 'नाणक' या संस्कृत शब्दावरून आला, आणि नाणक हा शब्द कुषाण राजा कनिष्क याच्या नाण्यांवर असलेल्या 'नना' देवीवरून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण मला पटतं, कारण नाणं हातात घेणाऱ्या सामान्य माणसाला राजाची लांबलचक बिरुदं थोडीच लक्षात राहतात? देवी लक्षात राहते.

आता नाण्यांकडे वळू. भारतात रोमन चांदीची जी नाणी सापडतात त्यांत दोन प्रकार सर्वाधिक आहेत, एक सम्राट ऑगस्टसचा आणि दुसरा त्याच्यानंतर आलेल्या टायबेरियसचा (इ.स. १४ ते ३७). नाव डिनेरियस, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आकार आपल्या जुन्या पंचवीस पैशाएवढा. आपल्या जुन्या ग्रंथांत येणारा 'दीनार' तो यावरूनच. टायबेरियसच्या या नाण्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात डहाळी. ही कोण? पुष्कळ अभ्यासकांच्या मते ती लिव्हिया, म्हणजे ऑगस्टसची बायको आणि टायबेरियसची आई, शांतिदेवीच्या रूपात बसलेली. पण तिच्याभोवती अक्षरं आहेत 'पाँटिफ मॅक्सिम', म्हणजे 'मुख्य पुरोहित', आणि ते बिरुद मुलाचं! बाईचं नाव नाण्यावर कुठेच नाही. एका साम्राज्याची राजमाता, तिची मूर्ती लाखो नाण्यांवर, आणि ओळख पटवायला दोन हजार वर्षांनंतर पंडितांनी वाद घालायचा.

ही नाणी आपल्या किनाऱ्यावर कशी आली याची हकीकत एका ग्रीक खलाशाने किंवा व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' नावाने ते पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. भाईंदरहून विरार लोकल पकडली की नायगाव, वसई रोड आणि तिसरं स्टेशन. आणि कल्याणवरून येणारी उल्हास नदी आपण रोज ज्या पुलावरून खाडी ओलांडतो त्याच पुलाखालून समुद्राला मिळते. पेरिप्लसचा लेखक सांगतो की कल्याणला उतरायला आता अडचण आहे, चुकून एखादं ग्रीक जहाज तिकडे आलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेतात. दोन राजवटींचं भांडण होतं, बंदर कुणाचं यावरून. त्यातली एक राजवट सातवाहनांची आणि दुसरी नहपान या क्षत्रप राजाची. हे भांडण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भडोचला काय काय उतरत होतं याची यादीही तो देतो. त्यात सोन्याचांदीचे डिनेरियस आहेत, आणि ते स्थानिक नाण्यांशी बदलून घेतले की थोडा नफा सुटतो, असंही तो सांगतो. कॅशियरच्या जिवाला हे वाक्य फार गोड लागतं. फॉरेन एक्स्चेंजचा काउंटर आपल्याकडे दोन हजार वर्षं जुना आहे. त्याच यादीत राजासाठी आणायच्या खास वस्तू दिल्या आहेत. चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुलं, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उत्तम मद्य, तलम कपडे. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा 'सुंदर मुली' इथे थांबले. भांडी आणि मद्य यांच्या मधोमध. एकाच गलबतातून चांदीवर बसलेली राजमाता येत होती आणि मालाच्या यादीत लिहिलेल्या मुलीही. त्यांतल्या एकीचंही नाव कुणी लिहिलं नाही.

तिकडे रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान त्रागा करत होता. भारत दरवर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असं त्याने लिहिलं. चार सेस्टर्सचा एक डिनेरियस, म्हणजे हिशोबाने सव्वा कोटी डिनेरियस. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून तो दहा कोटींचा आकडा देतो आणि वर म्हणतो, इतकी महाग पडते आपल्याला आपली चैन आणि आपल्या बायका. मिरी नवरेही खात होतेच की! पण बिल बायकांच्या नावावर. असो.

मग इतकी चांदी आली तर महाराष्ट्रात ती ढिगाने का सापडत नाही? रोमन चांदीचे मोठे साठे मिळाले ते मुख्यतः तामिळनाडूत आणि आंध्र-तेलंगणात. आपल्या बाजूला फार थोडी. याचं एक पटण्यासारखं कारण असं की इथे ती वितळवली गेली. नहपानाला स्वतःची चांदीची नाणी पाडायची होती आणि आपल्या डोंगरात चांदीच्या खाणी नाहीत. तेव्हा लिव्हियाबाई भट्टीत गेल्या आणि नहपान होऊन बाहेर आल्या. नहपानाची नाणी बघितली तर मागची सावली दिसतेही. राजाचा बाजूने दाखवलेला चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, ही रीत बाहेरची. दुसऱ्या बाजूला मात्र बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी.

नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत जे कोरून ठेवलं आहे ते तर प्रत्येक सोसायटीच्या खजिनदाराने वाचावं. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. २,००० महिना शेकडा १ दराने, १,००० महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज २४० होतं, आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशोब चोख जुळतो, मी कागदावर करून पाहिला. सिंकिंग फंडाला हात लावायचा की नाही यावर आपल्या वार्षिक सभेत जे होतं ते इथे लिहीत नाही, पण उषवदाताने तो प्रश्न दगडात कोरून मिटवला होता. याच माणसाने सोपाऱ्यालाही धर्मशाळा बांधली. आणि त्याची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी, तिने नाशिकला भिक्षूंसाठी एक ओवरी स्वतःच्या नावाने दान केली. तो छोटासा लेख आजही तिथे आहे. बापाच्या हजारो नाण्यांवर तिला जागा नव्हती, भिंतीवर तिने ती करून घेतली.

आता ते भांडण. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला मिळाला. दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळचं हे गाव. तिथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. सगळी नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसरा ठसा होता. गौतमीपुत्राने ती नाणी वितळवली नाहीत, तशीच गरम करून त्यांवर आपला छाप मारला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह म्हणून ओळखली जाणारी चार गोलांची खूण. आणि डोंगराभोवती अक्षरं, 'राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचं'. काही नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचं नाक, हनुवटी डोकावते. आमच्याकडे फाटकी नोट आली की शिक्का मारून बाजूला टाकत असू, इथे शिक्का मारून पुन्हा बाजारात सोडली.

मला या नाण्याचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. शत्रूच्या चेहऱ्यावर विजेत्याने काय उमटवलं? स्वतःचा चेहरा नाही. आईचं नाव. नहपानाच्या तोंडावर गौतमीचं नाव बसलं, तेही नऊ हजार वेळा. लिव्हियाची मूर्ती होती, नाव नव्हतं. गौतमीचं नाव आहे, मूर्ती नाही.

इथे उत्साहाच्या भरात "बघा, आपल्याकडे मातृसत्ता होती" असं म्हणण्याचा मोह होतो. व्हॉट्सॲपवर तसे निरोप फिरतातही. तसं नव्हतं. राज्य बापाकडून मुलाकडेच जात होतं. राजाला राण्या अनेक, मुलं अनेक, तेव्हा हा कोणाचा मुलगा हे सांगायला आईचं नाव जोडत, आणि गौतमी, वासिष्ठी ही नावंही तिच्या माहेरच्या गोत्रावरून आलेली. म्हणजे नाव तिचं असलं तरी पूर्णपणे तिचं नाही. पण सोय म्हणून का होईना, ते नाव नाण्यावर गेलं आणि भाजीवालीपासून सावकारापर्यंत सगळ्यांच्या हातून फिरलं, हे खरं. आपल्या राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जोगलटेंभीची नाणीच आली. आणि आता समितीने तळमजल्यावरची नावांची पाटी नवी करायला घेतलीच आहे म्हणून सांगते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाटीवर बायकांची नावं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांतलीही बहुतेक विधवांची. शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं, हप्ते दोघांनी फेडलेले, पाटीवर एकटा तो. या वेळी प्रत्येक घराकडून नावं लेखी मागवली आहेत. फॉर्म भरताना दोन ओळी आहेत, दोन्ही भरा. पाटीवर जागा पुरेल, मी पेंटरला विचारलं आहे.

गौतमीचं, म्हणजे गौतमी बलश्रीचं, पुढे काय झालं? मुलगा तिच्या आधी गेला. नातू पुळुमावी राजा झाल्यावर त्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने नाशिकला लेणं दान केलं आणि वर लांबच लांब लेख कोरवला. मुलाचे पराक्रम त्यात आहेत, क्षहरातांचा वंश त्याने निःशेष केला हेही आहे. पण लेख दान देणारीचा आहे आणि ती स्वतःची ओळख महादेवी, महाराजाची आई, महाराजाची आजी अशी करून देते. मुलाविषयी लिहिताना तिने त्याची शौर्याची यादी केली, तशीच तो आईची अखंड सेवा करणारा होता हेही लिहिलं. मुलाचं सगळ्यांत विस्तृत चरित्र आज आपल्याकडे आहे ते या म्हातारीमुळे. नाहीतर गौतमीपुत्र आपल्याला नुसता ठशापुरता माहीत असता.

साधारण त्याच दुसऱ्या शतकात रोममध्ये बायकांचे चेहरे नाण्यांवर नावानिशी झळकू लागले होते. सम्राट अँटोनायनस पायस याची राणी फॉस्टिना इ.स. १४० च्या सुमारास वारली. त्याने तिला देवी जाहीर केलं आणि पुढची वीस वर्षं तिच्या नावाने चांदीची नाणी पाडत राहिला. एका बाजूला तिचा चेहरा, डोक्यावर वेण्यांचा उंच गुंडाळलेला अंबाडा. मागे कधी धान्याची देवी सेरेस हातात कणसं घेऊन, कधी चुलीची देवी व्हेस्टा, कधी जुनो. तिच्या नावाने गरीब मुलींच्या पालनपोषणाचा निधीही त्याने काढला. रोमच्या मुख्य चौकात तिचं देऊळ बांधलं, ते आज चर्च म्हणून उभं आहे. दारावरचा लेख आधी फक्त तिच्या नावाचा होता. तो गेल्यावर त्याचं नाव त्याच्याही वरती जोडलं गेलं. पाटीचा प्रश्न तिथेही होताच म्हणायचा!

त्यांची मुलगी धाकटी फॉस्टिना, तत्त्वज्ञ सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको. तिच्या नाण्यांवर फेकुंडिटास म्हणजे सुफलतेची देवी कडेवर आणि पायांशी मुलं घेऊन उभी असते. एका नाण्यावर सिंहासनावर दोन तान्ही बाळं आहेत, तिची जुळी. नाण्यावर सगळं भरलेलं घर. प्रत्यक्षात तिला डझनाहून अधिक मुलं झाली आणि त्यांतली बरीच लहानपणीच गेली. ज्या जुळ्यांसाठी नाणं पाडलं त्यांतलंही एक चौथ्या वर्षी गेलं. ही नाणी बघताना मला नेहमी आपल्याकडच्या 'अष्टपुत्रा सौभाग्यवती' या आशीर्वादाची आठवण होते. आशीर्वाद देणाऱ्याचं काय जातं?

तिसरी ज्युलिया डोम्ना. ही मूळची सीरियाची, आजच्या होम्स शहराची. तिच्या काळात चांदी निम्म्यावर आली होती, बाकी तांबं. पण नाण्यांवरच्या देवी वाढल्या होत्या. तिचा मुलगा कॅराकाला याने २१५ साली दुप्पट किमतीचं नवं नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्याचे किरण आणि राणीच्या खांद्यांखाली चंद्रकोर. दिसायला फार सुरेख नाणं. आणि याच कॅराकालाने २११ साली आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला आईच्या मिठीत असताना मारवलं होतं. चंद्रकोरीवरचा तिचा चेहरा शांत आहे. टाकसाळीतल्या कारागिराला दुसरा चेहरा कोरायची परवानगी नव्हती.

या राण्यांची चांदी आपल्याकडे फारशी पोचली नाही. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास डिनेरियसचं वजन आणि कस दोन्ही कमी केले आणि आपले व्यापारी जुन्याच नाण्यांना चिकटून राहिले, पुढे सोनं मागू लागले. खोटं नाणं ओळखण्यात आपली माणसं तेव्हाही पक्की होती. (जाता जाता, फोर्टात फूटपाथवर 'रोमन कॉइन' म्हणून जे विकतात ते घेऊ नका. खरंच बघायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, रिझर्व्ह बँकेचं फोर्टातलं नाण्यांचं संग्रहालय आहे. नातवंडांना सुट्टीत न्या.)

गौतमीच्याही आधीची एक राणी राहिली, नागनिका. नाणेघाटात ट्रेकला गेलेली आपल्या सोसायटीतली मुलं तिच्या गुहेत बसून डबा खाऊन आली आहेत. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहिला, फोटो काढले, आणि भिंतीवरची अक्षरं पाठीमागे राहिली. त्या भिंतीवर नागनिकेने केलेल्या यज्ञांची आणि दानाची यादी आहे. गायी, घोडे, हत्ती आणि हजारोंच्या संख्येत कार्षापण, आणि ते आकडे म्हणजे ब्राह्मी अंकांचे फार जुने नमुने. तिथे राजघराण्याचे पुतळे होते. आता त्यांचे पायसुद्धा धड उरलेले नाहीत, फक्त वरची नावं शिल्लक आहेत. त्यांतल्या एका जागी राजा-राणीचं नाव जोडीने आहे, आणि त्यात आधी 'देवी नायनिका' आणि मग 'राजा श्री सातकर्णी' असा क्रम आहे. जुन्नर भागातून आलेल्या चांदीच्या एका दुर्मिळ नाण्यावरही या दोघांची नावं वाचली गेली आहेत.

सातवाहनांनी पुढे रोमन-क्षत्रप पद्धतीची, चेहऱ्याची नाणी काढली. चांदीची, दोनेक ग्रॅमची. असं एक नाणं आपल्या शेजारीच मिळालं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. तो निघाला बौद्ध स्तूप. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. भोवती बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या आठ लहान मूर्ती. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने सांभाळला आहे.

त्याच स्तूपात चांदीचं एक न झिजलेलं नाणं होतं, यज्ञश्री सातकर्णीचं. हातोहात फिरलेलं नव्हतं, टाकसाळीतून आल्यासारखं कोरं. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याच्याभोवती गोल अक्षरं. यज्ञश्री हे त्याचं स्वतःचं नाव, पण ते नंतर येतं. आधी येतं 'गौतमीपुत्र'. ही गौतमी वेगळी, बलश्री नव्हे. तिच्याविषयी एवढंच ठाऊक आहे की तिचा मुलगा राजा होता आणि चांदीवर स्वतःच्या नावाआधी तिचं नाव घालत होता.

नालासोपारा पश्चिमेला स्टेशनवरून रिक्षा मिळते. स्तूप म्हणा, किंवा नुसतं बुरुड राजाचा कोट म्हणा, दोन्ही चालतं.